उंबरखिंड वर्गात आणताना

कुंभिवली हे गाव खालापूर तालुक्यातलं आणि उंबरखिंडही याच तालुक्यातली. गावच्या हायस्कूलमधल्या इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठी शिदोरी कोणती हवी?

फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याजवळून घाट उतरला. दोन्हीकडे डोंगर, दाट रान, अरुंद वाट. खाली चावणीजवळच्या या खिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं आणि खानाला शरण यावं लागलं. ही लढाई पाठ करायला सांगू नका. फळ्यावर घाट काढा, अंबा नदी काढा आणि मुलांना विचारा, “तुम्ही खानाच्या जागी असता तर कुठून गेला असता?” मग बघा वर्ग कसा उसळतो! गुरं घेऊन रान तुडवणारा मुलगा तिथे सगळ्यांच्या पुढे असतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

असेच वर्गात आणावेत ते स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल. मूळचे माथेरानचे, विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नायक, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले.

शिक्षकमित्रहो, चावणीला नदीकाठी उंबरखिंडीचं विजयस्मारक उभं आहे. यंदा एक तास तिथेच घ्या.