निळ्या गोळीची ताई

करमाळा तालुक्यातलं जेऊर घ्या, नाहीतर शेजारचं कुठलंही गाव. शाळेत मिळालेली लोहाची निळी गोळी सातवीतली मुलगी हळूच दप्तरात सारते. मळमळतं, शौचाला काळी होते, याची धास्ती! बाईंनी चारदा सांगूनही पटत नाही. पण अकरावीतली ताई म्हणते, “अगं, मलाही तस्संच व्हायचं. उपाशीपोटी नको, भाकरी खाऊन घे. अन् वर लगेच चहा पिऊ नकोस.” झालं, गोळी पोटात जाते.

ही ताईगिरी सरकारनंही हेरली. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे, दोन मुली ‘समवयस्क शिक्षक’ म्हणून निवडायचे. वय १५ ते १९. निवडीत आशाताई मदत करतात. मग प्रशिक्षण, आणि आठवड्याला तास-दोन तास गट जमवायचा. पाळी, आहार, मनावरचा ताण, व्यसनं, सगळं बोलायचं. प्रश्न अवघड असला, तर आरोग्य केंद्राच्या मैत्री क्लिनिकची वाट दाखवायची.

मुलग्यांचं काम जरा कठीणच. माव्याचा विषय निघाला, की पोरं आधी दादाच्याच खिशाकडे बघतात.