मीठ, गूळ आणि संशोधन

(वार्षिक समारंभातील भाषणाचा गोषवारा)



मुलगा किंवा मुलगी संशोधन करणार म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, "म्हणजे नोकरी कुठे?" ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर होत आहे तेथे तो विचारला जाणारच. दुसरा प्रश्न मात्र मला खटकतो : "गरीब देशांना संशोधन हवे कशाला? श्रीमंतांनी शोधावे, आपण विकत घ्यावे." त्यावर मी ढाक्याची हकीकत सांगत असतो.

ढाक्यात १९६० साली कॉलऱ्याच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. तेव्हा खात्रीचा इलाज एकच, शिरेतून सलाइन. ते महाग, आणि खेड्यात सुई लावणार कोण? साखर सोबत असली म्हणजे आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना कळले होते. पण जेथे कॉलराच नाही तेथे ते रोग्यावर पडताळणार कसे? ढाक्यात रोगी दारातच होते. १९६८ साली डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांचे बंगाली सहकारी रफिकुल इस्लाम व मजीद मोल्ला यांनी २९ रोग्यांना ग्लुकोज व क्षारांचे पाणी तोंडाने दिले. शरीरातून जेवढे पाणी जाईल तेवढे मोजायचे, तेवढेच पाजायचे. काम किळसवाणे, पण सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातील डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकडून रोग्यांना पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून चाराच्याही खाली आले.

पुष्कळजण गोष्ट येथेच संपवितात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बांगला देशातील 'ब्रॅक' संस्थेने १९८० पासून घरोघर स्त्री कार्यकर्त्या धाडल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढाच धडा. महिन्याने तपासनीस येऊन आईला प्रश्न विचारी, आणि तिला जेवढे आठवे त्यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे! (आम्हा शिक्षकांना हा नियम लागू नाही, हे आमचे नशीब.) आयांनी बनविलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. तरीही धडा पाठ असलेल्या आया ते पाणी मुलांना देईनात. चौकशी केली तेव्हा उमगले की खुद्द कार्यकर्त्याच स्वतःला जुलाब झाले की गोळ्या घेत! मग त्यांना हे पाणी पोटात कसे काम करते ते नीट समजावून दिले. गावातील पुरुषांनाही विश्वासात घेतले. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत हा धडा पोचला. तो चुकला कोठे, हे शोधणे हेही संशोधनच होते. गूळ असलेल्या देशातच ते होऊ शकले. ते विकत कोठून आणणार होतो?

राहिला पहिला प्रश्न, नोकरीचा. ढाक्याच्या त्या संस्थेचे मतलब नावाच्या भागात केंद्र आहे. १९६६ पासून तेथील खेड्यांत घरोघर फिरून जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जाते. लस असो वा औषध, उपयोग झाला की नाही हे त्या वह्यांवरून कळते. वही लिहिणारा, पाणी तपासणारा, आकडे मांडणारा, ही सारी पगारी माणसे. सगळेच काही डॉक्टर नव्हेत.