एक टाकी, चोवीस घरे
(एका व्याख्यानाचा संपादित अंश)

नागरी विकासाची चर्चा उड्डाणपूल आणि मेट्रोपासून सुरू होते. आज मी आपले लक्ष एका लहान घटकाकडे वेधू इच्छितो. तो घटक म्हणजे सदनिकांची इमारत आणि तिच्या गच्चीवरील सामाईक टाकी.

बंगळुरूचे उदाहरण घ्या. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपांनी उचलून या शहरात आणले जाते. २०२४च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि अनेक इमारती टँकरवर विसंबून राहिल्या. पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी आली; ५,००० रुपये दंड ठरला. परंतु प्रशासनाची नजर फाटकापर्यंतच पोहोचते. आतील व्यवहार शेजाऱ्यांनाच सांभाळावा लागतो.

समजा, २४ सदनिकांच्या इमारतीत टँकरचा खर्च घरटी समान वाटला जातो. एका कुटुंबाने १०० लिटर पाणी वाचवले, तर त्याच्या पदरी जेमतेम चार लिटरांची किंमत पडते. उधळपट्टीचा भारही असाच सर्वांवर विभागला जातो. दरडोई दररोज १३५ लिटर हे शहरी मानक धरल्यास एकट्या राहणाऱ्या आजींना १३५ लिटर पुरतात, सहा जणांच्या कुटुंबाला ८१० लागतात. वर्गणी मात्र सारखीच. समान वाटणी न्याय्य असतेच असे नाही. जिन्यातील अबोल्याचे मूळ पुष्कळदा अशा हिशेबात असते.

घरोघरी मीटर हा उत्तम उपाय खरा. पण जुन्या इमारतींत स्वयंपाकघर व न्हाणीघरांना निरनिराळ्या उभ्या नळांतून पाणी येते, त्यामुळे एका घराला अनेक मीटर लागतात. तोवर पंपाची वीज आणि टाकीची सफाई यांचा खर्च घरटी, तर टँकरचा खर्च माणशी आकारता येईल. रोजच्या वापराचा आकडा लिफ्टजवळच्या फलकावर लिहावा. सारे निजले असताना टाकीची पातळी उतरली, तर गळती शोधावी. भाडेकरूही पाणी वापरतो आणि त्याचे पैसे मोजतो. म्हणून पाण्याच्या बैठकीत त्यालाही बोलू द्यावे.

२००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मत्स्यक्षेत्रे आणि सिंचन व्यवस्थांचा अभ्यास केला. वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेख ठेवली आणि तंटे स्वस्तात मिटवले, तर सामाईक साधन टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. गच्चीवरील टाकीलाही हे लागू पडते.

वार्षिक सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास खोळंबणारी इमारत आपल्या परिचयाची आहे. पुढच्या सभेला आपण वेळेवर जावे आणि पाण्याचा हिशेब मागावा, एवढीच विनंती.