वॉरंट नसले तरी कागद हवाच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रात्रीची जेवणे उरकली आहेत आणि दारावर थाप पडते. बाहेर एक फौजदार आणि दोन हवालदार उभे. ‘घराची झडती घ्यायची आहे.’ सिनेमे पाहून आपल्याला एक प्रश्न पाठ झालेला असतो, ‘वॉरंट आहे का?’ पण ते ‘नाही’ म्हणाले तर? दार उघडायचे की लावून घ्यायचे?

आपल्याकडे काही परिस्थितीत वॉरंटशिवायही घरझडती घेता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचे कलम १८५ तेच सांगते. चोरीचे दागिने एखाद्या घरात असल्याची पक्की खबर आहे. वॉरंट आणेपर्यंत ते सोनाराच्या मुशीत वितळून जातील. अशा वेळी ठाण्याचा प्रमुख किंवा तपास अधिकारी थेट झडती घेऊ शकतो.

मात्र त्याला मोकळे रान नाही. त्या घरात ती वस्तू असेल असे का वाटते आणि नेमके काय शोधायचे आहे, हे त्याने आधी लिहून ठेवले पाहिजे. ‘बघू काय सापडते ते’ अशी झडती कायद्याला मान्य नाही. या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जावी लागते आणि घरमालकाने अर्ज केल्यास त्यालाही ती विनामूल्य मिळते. नव्या कायद्याने झडतीचे दृकश्राव्य चित्रणही आवश्यक केले आहे. अमली पदार्थांसारख्या विशेष कायद्यांचे नियम वेगळे आहेत. तिथेही कारणे लिहिण्यातून सहसा सुटका नाही.

आता यातली दुखरी बाजू. अमेरिकेत बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा न्यायालय सहसा बाद करते. आपल्याकडे तसे नाही. पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगितले की, झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा टाकून देता येत नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ही मोठी गोष्ट झाली. पण झडतीच्या रात्री आपल्या हॉलमध्ये न्यायमूर्ती नसतात. तिथे असतात पंच.

परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर असावेत, असे कायदा म्हणतो. म्हणजे कोण? तर तुम्ही आणि मी! प्रत्यक्षात जिन्यात पोलिस दिसले की शेजारचे दिवे मालवतात. ‘कोण कोर्टाच्या खेपा घालणार?’ वास्तविक न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय झडतीच्या पंचाला तिथे जावे लागत नाही. उलट, लेखी बोलावणे येऊनही सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. आपण दार लावून घेतले, की पोलिसांच्या ओळखीचा, नेहमीचा पंच पंचनाम्यावर सही करतो. मग खोटे काही घुसडले गेले तर सांगणार कोण? आणि खरा मुद्देमाल सापडला तरी असल्या पंचाची साक्ष उलटतपासणीत टिकत नाही. नुकसान दोन्हीकडून आपलेच.

तेव्हा श्रोतेहो, पोलिस आले तर अडवणूक, धक्काबुक्की करू नका. शांतपणे ओळखपत्र मागा. गुन्हा कोणता, शोध कशाचा, हे विचारा. झडतीच्या वेळी घरच्यांना हजर राहण्याचा हक्क आहे, तो सोडू नका. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. जप्त वस्तूंची यादी नीट वाचा, तिची प्रत मागून घ्या आणि कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका.

आणि थाप शेजारच्या दारावर पडली असेल, तर दिवा मालवू नका. चपला घाला आणि बाहेर या.