ठराव क्रमांक चार

उचगावातनं आम्ही बोलतोय, बचत गटाच्या बायका. आज पापड-लोणच्याचं काही सांगणार नाही. आज सिनेमाबद्दल बोलायचंय. घाबरू नका, हिशेबाचाच विषय आहे.

मागं बँकेचे साहेब आमच्या गटाचं दप्तर तपासायला आले. हजेरी बघितली, बचत बघितली, पासबुकं चाळली आणि इतिवृत्ताच्या वहीवर येऊन अडकले. मोठ्यानं वाचायला लागले, "ठराव क्रमांक ४. सासुरवास सुरू झाला त्याच दिवशी नायिकेने माहेरी निरोप धाडायला हवा होता, असे सभेचे मत झाले. सर्वानुमते मंजूर." साहेबांनी चष्मा काढला. "ही नायिका कोण? तुमची सभासद आहे का?"

आता ह्यात आमच्या सचिवाची चूक नाही. प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं, बैठकीत जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं. ती शिकलेली पोर, तिनं लिहिलं.

झालं असं होतं की आदल्या रात्री टीव्हीवर 'माहेरची साडी' लागला होता. १९९१ सालचा सिनेमा, पण अजून लागला की घराघरात भाकरी करपते. बैठकीला निम्म्या बायका डोळे सुजवून आलेल्या. आमच्या आक्कांनी विचारलं, "तीन तास ती रडली, तीन तास तुम्ही रडलासा. भांडी कुणी घासली?" तिथनं जी चर्चा पेटली ती बचत गोळा करायची राहूनच गेली. एकीचं म्हणणं, अलका कुबल आपल्यासारखी दिसती म्हणून रडू येतं. दुसरी म्हणाली, उषा नाडकर्णींची सासू बघून तिची स्वतःची सासू टीव्हीसमोरनं उठून गेली, हाच सिनेमाचा फायदा. मग ठराव आला. त्यावर एक वहिनी म्हणाली, "अहो पण त्या सिनेमात बापच पोरीला अपशकुनी समजतोय. माहेरी निरोप धाडून काय व्हणार?" सगळ्या गप्प. मग दुरुस्ती झाली, ठराव ४ अ : निरोप गटाला धाडावा.

हा सिनेमा मूळ एका राजस्थानी सिनेमावरून काढलाय, हे आम्ही सांगितलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "म्हणजे वाळवंटातबी तेच."

पेपरात सिनेमाला तारे देतात, तीन तारे, साडेतीन तारे. ते अर्ध्या ताऱ्याचं गणित आम्हाला कधी कळलं नाही. आमच्या गटात साधं विचारतात : परत बघशील का, आणि सुनेला बरोबर नेशील का? २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आम्ही नऊवारी नेसून, वर गॉगल लावून कोल्हापूरला गेलो. हसलो, नाचलो. पण येताना बसमध्ये एकीनं विचारलंच, "आपली बैठक पंधरा मिनिटं लांबली तर घरनं तीन फोन येतात. सहा बहिणींना मंगळागौरीच्या सरावाला वेळ कसा मिळाला?" आमच्या मते कुठल्याही पेपरापेक्षा हे परीक्षण बरं.

आणि आमची एक तक्रार आहे. सिनेमातल्या कोल्हापूरच्या बाईला ते प्रत्येक वाक्यात 'लई' घालायला लावतात. पण इथली बाई 'मी आलो, मी जेवलो' म्हणते, ते कुणाच्या कानावरच जात नाही.

वास्तविक सिनेमाचं माहेर कोल्हापूरच. पुढच्या बैठकीत आम्ही बाबूराव पेंटरांचं सांगितलं. ह्या माणसानं स्वतः खपून कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीच्या भांडवलाला गायिका तानीबाई कागलकरांनी हात दिला होता, हे ऐकल्यावर आक्का एकदम सावरून बसल्या. "व्याज किती टक्के लावलं?" फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला होता पुरुष. बाबूरावांनी १९२० च्या 'सैरंध्री'त खऱ्या बायका घेतल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. त्यांना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं. मग त्या स्टुडिओतच राहिल्या, तिथंच रांधून खायच्या. म्हणजे पडद्यावर राणी आणि मागं चूल. ह्यावर कुणीच हसलं नाही.

मग 'सावकारी पाश'. १९२५ सालचा मूकपट, हरि नारायण आपट्यांच्या गोष्टीवरचा. शांताराम त्यात तरुण शेतकरी झाले होते. सावकार जमीन गिळतो आणि पोरगा शहरात जाऊन गिरणीत लागतो. एक मावशी म्हणाली, "मूकपट म्हणजे शेतकरी बोलणारच नाही. सावकाराला बरंच की!" आम्ही सांगितलं, १९३६ ला त्याचा बोलपटही निघाला. आक्का म्हणाल्या, "बोलूंदे न्हाईतर गप बसूंदे. सही करायच्या आधी कागद कुणी वाचला का?"

हशा झाला. तो ओसरला आणि कोपऱ्यातली एक वहिनी, जी कधी बोलत नाही, हळूच म्हणाली, "मी बी न वाचताच सही केलोय."

पिको-फॉलच्या मशीनसाठी तिनं एका खासगी फायनान्सकडनं कर्ज उचललं होतं. पाच ठिकाणी सह्या. तिचे हप्ते नीट चालले होते. पण तिच्याबरोबर कर्ज घेतलेल्या दोघींचे थकले, आणि वसुलीचा माणूस हिच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागला. दोन महिने तिनं घरात सांगितलं नव्हतं. मशीन विकायला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडचे कागद आम्ही सगळ्यांनी मिळून वाचले. दुपार गेली. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा, असं त्यात बारीक अक्षरात होतं. त्या दोघींच्या घरी आम्ही चौघी गेलो. एक भरायला तयार झाली, दुसरीनं दार लावून घेतलं. तिच्या वाट्याचं वहिनीच्या अंगावर आलंच. त्यासाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं. वहिनी ते अजून फेडतीय, चार हप्ते राहिलेत. मशीन घरात आहे.

तर साहेबांनी वहीचं पान उलटलं. "ठराव क्रमांक ५. गटातील कोणीही, कोणताही कागद गटात मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाही." साहेब हसले. "हा कुठल्या सिनेमातला?"

"'सावकारी पाश'," आक्का म्हणाल्या. "पंचवीस सालचा."

साहेबांनी मान डोलावली, आपला तपासणीचा फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाले, "इथं अध्यक्षांची सही."

आक्कांनी चष्मा लावला, फॉर्म उचलला आणि पहिल्या ओळीपासनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चार पानी होता. साहेबांचा चहा गार झाला, आम्ही दुसरा ठेवला.