हेन्रीला वाचता येत नाही

आजचा एपिसोड एका व्हिडिओ गेमवर आहे, आणि थोडा इतिहासावर.

माझा भाचा सातवीत आहे. परवा म्हणाला, "मामा, इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या आणि लढाया." मी काय बोलणार? बी.टेक. होईपर्यंत माझंही मत हेच होतं. मग मी लॅपटॉप उघडला आणि 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' लावला. गेम मोठ्यांसाठीचा आहे, मारामारी भरपूर. म्हणून खेळणार मी, तो फक्त बघणार, आणि भागही मीच निवडलेले.

प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१८ मध्ये हा गेम आणला. गोष्ट १४०३ सालची, बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. राजा चौथा वेन्सेस्लास याला त्याच्या सावत्र भावाने, सिगिस्मुंडने, कैदेत टाकलंय. पण आपला हिरो राजा नाही. तो स्कालित्सा गावच्या लोहाराचा पोरगा, हेन्री.

इथे ड्रॅगन नाहीत. हेन्रीला भूक लागते, झोप येते. पिशवीतलं खाणं नासतं. रात्री मशाल न घेता गावात फिरला तर पहारेकरी हटकतो. कपडे मळलेले असले तर लोक तोंडावर बोलतात.

भाच्याने विचारलं, "हा बटाटा का खात नाही?" कारण तेव्हा युरोपात बटाटा नव्हताच! तो अमेरिकेतून आला, कोलंबसच्या १४९२च्या सफरीनंतर. मिरचीही तिकडचीच. म्हणजे १४०३ मध्ये आपल्याकडच्या जेवणातही मिरची नव्हती. हे ऐकून त्याने चक्क पुस्तक काढून बघितलं.

मग हेन्रीने एक पुस्तक उघडलं. पानावर अक्षरं दिसतात, पण सगळी उलटसुलट. भाचा म्हणाला, "मामा, बग आहे वाटतं."

बग नव्हता. हेन्रीला वाचता येत नाही. त्याला एका लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं. सराव होईल तसे शब्द हळूहळू जुळायला लागतात. युरोपात तेव्हा गुटेनबर्गचा छापखाना यायचा होता. पुस्तकं हाताने लिहायची, त्यामुळे महाग.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पणजीलाही असंच दिसायचं का?"

त्याची पणजी म्हणजे माझी आजी. अंगठा लावायची. एसटीचा बोर्ड कुणाला तरी विचारायची, आणि आम्ही पोरं हसायचो. त्याला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

आता एक सावधगिरी. कोड लिहिणारा म्हणून सांगतो, जे कंटाळवाणं असतं ते गेममधून कापलं जातं. हेन्री बघता बघता सरदारांमध्ये वावरायला लागतो. खऱ्या लोहाराच्या पोराने बहुतेक जन्मभर भाताच ओढला असता. नांगरणी, कापणी, दळण यातच बहुतेकांचं आयुष्य गेलं, आणि नेमकं तेच इथे खेळायला मिळत नाही.

म्हणून आमचा नियम साधा आहे. काही विचित्र दिसलं की पॉज करायचं, प्रश्न वहीत लिहायचा, मग पुस्तकात तपासायचं. गेमने प्रश्न द्यावा, उत्तर आपण शोधावं. वहीत आत्तापर्यंत अकरा प्रश्न झालेत. पणजीचा प्रश्न त्याने पहिल्या पानावर लिहिलाय.

तुमच्या घरात असं कुणी होतं का? आठवून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!