पाहुण्याचा परवाना

बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर के. आर. पुरम हे उपनगर आहे. तेथील लोहमार्गावरचा, पोलादी दोरांनी तोललेला पूल २००३ साली वाहतुकीस खुला झाला आणि २०२३ पासून मेट्रोही तेथून व्हाइटफील्डला जाऊ लागली. व्हाइटफील्डच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबे या परिसरात राहतात. पुण्याचा वा नागपूरचा अभियंता येथे येऊन बिऱ्हाड थाटतो, चार शब्द कानडीचे शिकतो. आणि थोडा स्थिरावतो न स्थिरावतो तोच कचेरी त्याला समुद्रापार धाडते. बांधाबांध करताना खिशातल्या एका लहानशा कार्डाचा विचार सहसा कोणी करीत नाही. ते कार्ड म्हणजे मोटार चालविण्याचा परवाना.

परप्रांतीय म्हणून या गृहस्थाला बंगळूरात परवान्याची अडचण कधी आलेली नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कोणत्याही राज्यात मिळालेला परवाना सबंध भारतात चालतो. गंमत अशी की, चालकाला जी मोकळीक आहे ती त्याच्या गाडीला नाही. महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवावयाची, तर तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि करही भरावा लागतो. मग के. आर. पुरमच्या परिवहन कार्यालयात तिच्या पाटीवर ‘केए ५३’ ही अक्षरे चढतात. माणूस पुण्याचाच राहतो, गाडी मात्र कर्नाटकाची होते.

देशाची सीमा ओलांडली की हिशेब बदलतो. परवाना हा एका सरकारने आपल्या प्रजाजनाविषयी दिलेला निर्वाळा असतो, आणि दुसऱ्या सरकारवर तो आपोआप बंधनकारक होत नाही. ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. तिच्यावर तोडगा काढण्यासाठी १९०९ साली पॅरिसमध्ये काही राष्ट्रांनी करार केला. पुढे १९४९ साली जिनीव्हा येथे अधिक व्यापक करार झाला आणि १९६२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपली परिवहन कार्यालये देतात तो आंतरराष्ट्रीय परवाना या कराराचेच अपत्य होय. करारात त्या पुस्तिकेचे रूपही ठरलेले आहे : करडे वेष्टन, आत पांढरी पाने, आणि त्या पानांवर तोच मजकूर अनेक भाषांत. तिची मुदत फार तर एक वर्षाची.

ही पुस्तिका हाती आली की आपले काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो, आणि पुढची फसगत येथूनच सुरू होते. ही पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर आहे. मूळ परवाना जवळ नसेल, तर भाषांतराला किंमत नाही. शिवाय ती प्रवाशासाठी आहे, रहिवाशासाठी नाही. जो चार आठवडे हिंडून परत येणार, त्याला परके सरकार पाहुणा मानते. जो घर भाड्याने घेऊन मुलांना शाळेत घालतो, त्याला ते रहिवासी मानते. ब्रिटनमध्ये वास्तव्यास आल्यापासून १२ महिने भारतीय परवाना चालतो. जर्मनीत ही सवलत सहा महिन्यांची आहे. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा नियम निराळा. मुदत संपली की पंधरा वर्षे गाडी चालविलेल्या माणसालाही नवशिक्याप्रमाणे परीक्षेस बसावे लागते.

यात मानहानी वाटणे साहजिक आहे. परंतु थोडा विचार केला, तर त्यामागचे कारणही दिसते. अमेरिकेत वा जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. अमेरिकेतील कित्येक चौकांत पोलीस नसतो, दिवाही नसतो. चारही बाजूंची वाहने थांबतात आणि जो आधी आला तो आधी जातो. शाळेची बस दिवे लुकलुकवीत मुलांना उतरवू लागली की मागून येणाऱ्याने थांबायचेच, आणि बहुतेक रस्त्यांवर समोरून येणाऱ्यानेही. के. आर. पुरमच्या पुलाखालच्या गर्दीतून सहीसलामत वाट काढणारा चालक कुशल असतो यात संशय नाही. पण हे त्याला कोणी शिकविलेले नसते. परीक्षा असते ती या नव्या शिस्तीची.

खरी गाठ मात्र परीक्षेच्या पलीकडे आहे. अमेरिकेत २००५ साली झालेल्या ‘रिअल आयडी’ कायद्याने परवान्याची सांगड वास्तव्याच्या मुदतीशी घातली. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला या कायद्यानुसार मिळणारा परवाना त्याच्या मुक्कामाच्या मुदतीइतकाच, आणि तो तात्पुरता असल्याचा शेरा त्यावर स्पष्ट छापलेला. मुक्काम वाढविण्याचा अर्ज वेळेत केला, तर निर्णय होईपर्यंत नोकरदाराला त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येते. परंतु तेवढ्या अवधीत परवान्याची मुदत उलटून जाऊ शकते. काम करण्यास मोकळीक, आणि कामावर जाण्यास गाडी नाही, असा हा पेच.

याची सर्वांत अधिक झळ लागते ती नोकरदाराच्या पत्नीला. के. आर. पुरममध्ये तिची स्कूटर होती, दारात रिक्षा होती, मेट्रो होती. अमेरिकेच्या उपनगरांत भाजी, शाळा, वैद्य ही सारी मैलांच्या अंतरावर, आणि पायी जाण्याची सोय बहुधा नाहीच. तिचा व्हिसा पतीच्या व्हिसावर अवलंबून, आणि तिचा परवाना त्या व्हिसावर. परवाना संपला की तिचे जग घराच्या चार भिंतींएवढे होते. आजारी मुलाला वैद्याकडे न्यावयाचे, तरी शेजारणीची वाट पाहावी लागते. परवान्याला एरवी आपण कागद म्हणतो. त्या दिवशी त्याची खरी किंमत कळते.

म्हणून निघण्यापूर्वी थोडी दक्षता घ्यावी. भारतीय परवान्याची मुदत संपण्यास एक वर्ष असतानाच तो नूतनीकरणासाठी देता येतो. मुदत उलटून वर्ष झाले, तर येथेही पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना परदेशात संपला, तर २०२१ च्या नियमानुसार भारतीय वकिलातीमार्फत नव्याने मागता येतो. आणि परदेशी पोहोचल्यावर पती व पत्नी दोघांनीही पहिल्या काही आठवड्यांतच तेथील परीक्षेची तयारी सुरू करावी. तिचे पुढे पाहू, असे म्हणू नये.

व्हाइटफील्डच्या कचेऱ्यांत परदेशातून आलेले लोकही काम करतात. त्यांनाही पारपत्र, व्हिसा आणि राहत्या जागेचा पुरावा घेऊन परिवहन कार्यालयात उभे राहावे लागते. आपल्याकडचा माणूस तिकडे ज्या रांगेत उभा असतो, तीच ही रांग. दोन्हीकडे यजमान पाहुण्याला एकच गोष्ट विचारीत असतो : येथे किती दिवस राहणार, आणि आमच्या रस्त्याची रीत पाळणार ना? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहुणा परीक्षा देऊन देऊ शकतो. पहिल्याचे उत्तर मात्र त्याच्या हाती नसते; आणि जे त्याच्या हाती नाही, त्यापायी एखाद्या घराचे दळणवळण थांबू नये, एवढी काळजी यजमानाने घेतली, तर रस्त्याच्या सुरक्षिततेला त्यामुळे काही बाधा येणार नाही.